उकिडवीन-एक, दोन, तीन

"दिवा घालवा!" उकिडवे सर ओरडले.

गुरवमामांनी दिवा घालवला. भर दुपार होती, पण प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं होतं, त्यामुळे सिनेमा सुरू होण्याआधी होतो तसा अंधार झाला. सरांनी जांभळ्या दिव्याचं बटण दाबलं आणि माझ्या हातातल्या काचेच्या पट्टीवर तीन ठिपके पेटले. हिरवट पिवळे, एकाखाली एक. वरचा ठसठशीत, मधला त्याहून फिका, खालचा जेमतेम.

"किती दिसतात, कोथमिरे?"

"तीन, सर."

"गुरव, तुम्हाला?"

"तीनच की."

"मलाही तीनच दिसतात," सर म्हणाले. विज्ञानात एकट्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो, असं ते नेहमी सांगत. तिघांनी तीन मोजले, आणि शोध लागला.

"हे द्रव्य आजवर कुणाला सापडलेलं नाही," अंधारात सरांचा आवाज ओला झाला. "ह्याला नाव द्यावं लागेल. काय द्यावं? मला काही सुचत नाही."

प्रयोगशाळेत तिघंच होतो. सरांना सुचत नव्हतं, मला बोलायची परवानगी नव्हती. राहिले गुरवमामा. विभागात सहायक म्हणून त्यांची हयात गेली होती आणि सरांना काय सुचत नाही ते त्यांना नेमकं कळत असे.

"तुमचंच द्या की सर."

"छे छे! अहो, काहीतरीच काय!" सर म्हणाले, आणि दिवा लागेपर्यंत त्या ठिपक्यांचं बारसं उरकलं होतं. उकिडवीन-एक, उकिडवीन-दोन, उकिडवीन-तीन.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. कृष्णाकाठच्या एका कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. शेळीच्या लसिकाग्रंथींतली रासायनिक द्रव्यं वेगळी करायची आणि ओळखायची, असा माझा विषय होता. लसिकाग्रंथी म्हणजे काही फार दूरची वस्तू नाही. घसा धरला की जबड्याखाली आपल्या बोटांना ज्या गाठी लागतात, त्याच. रोगाशी लढायचं काम त्यांच्याकडे असतं. शेळीच्या मानेत, काखेत, आतड्याच्या पडद्यात त्या असतात. त्या आणायच्या, चिरायच्या, यंत्राच्या भांड्यात क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल घालून वाटायच्या, गाळायच्या, आणि त्या अर्काचा थेंब पांढरा लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर ठेवून ती द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढत जातं तसतशी अर्कातली द्रव्यं आपापल्या उंचीवर थांबतात. वेगळं करायचं काम माझं आणि ओळखायचं सरांचं, अशी आमच्यात वाटणी होती.

सरांनी माझी निवड केली तेव्हा मला वाटलं होतं, एम.एस्सी.चे गुण पाहिले असतील. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कोथमिरे म्हणजे मंडईतले? ती मटणाच्या दुकानावर पाटी आहे ती?"

"हो सर. माझे वडील."

"वा! मग गाठी रोज ताज्या मिळतील."

घराण्यात पहिली पदवीधर मीच, आणि आता डॉक्टर होणार म्हणून आमच्या अख्ख्या गल्लीनं पेढे खाल्ले. मला डॉक्टर व्हायचं ते बापाच्या सुरीच्या जोरावर, हे मी घरी सांगितलं नाही.

सर स्वतः कांदासुद्धा चातुर्मास पाहून खात. गाठी हव्या होत्या, पण गाठी आणणारा माणूस समोरून यायला नको होता. पुढच्या दालनात सरस्वतीची तसबीर होती, म्हणून माझ्या वडिलांचा, आबांचा, गाठींचा अॅल्युमिनियमचा डबा मागच्या जिन्यानं यायचा. आबा खाली सायकल धरून उभे राहायचे, मी उतरून डबा घ्यायची. एकदा सरांचं व्याख्यान लांबलं आणि आबा उन्हात उभे राहिले. डब्यातल्या बर्फाचं पाणी होऊन त्यांच्या धोतरावर गळत होतं.

"आबा, वर यायचं की," मी म्हटलं.

"नको गं. तुझ्या सरांची सरस्वती बाटंल," आबा म्हणाले, आणि हसले. आबांना कशाचा राग यायचा ते मला पुष्कळ वर्षं कळलंच नाही.

ठिपके दिसले त्याच्या चारच दिवस आधी खंडेनवमी झाली होती. आमच्या घरी तो मोठा सण. दुकानाला सुट्टी नसते, उलट त्या दिवशी घरोघरी बोकड पडतं. पण पहाटे सुऱ्या, सत्तूर, कानस सगळं धुऊन पाटावर मांडतात आणि हळदीकुंकू वाहतात. लहानपणापासून ते काम माझ्याकडे. हळद मुठीला लावायची, पात्याला नाही. पातं कामाचं, त्याला पाण्याशिवाय काही लागू द्यायचं नाही. त्या पहाटेही मी सुऱ्या पुजून आले आणि प्रयोगशाळेत पाहते तो तिथंही पाट मांडलेला. सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ, तराजूला आंब्याची पानं, आणि मधोमध परदेशातून आलेलं ते वाटायचं यंत्र, नवरदेवासारखं. सर रेशमी सोवळं नेसून पूजेला बसले होते. त्यांनी यंत्राला बाहेरून हळदीकुंकू वाहिलं आणि मग भांड्याचं झाकण उघडलं.

"ह्यात मांस वाटलं जातं," ते गुरवमामांना म्हणाले. "काय काय हात लागतात. पोटातून शुद्ध झालं पाहिजे." आणि चांगली मूठभर हळद आत सोडली.

"सर, आत नको..." माझ्या तोंडून गेलं.

"कोथमिरे," सर शांतपणे म्हणाले, "पूजा कशी करायची ते आता तुम्ही मला शिकवणार?"

 नंतर गुरवमामांनी भांडं विसळून ठेवलं.

तर उकिडवीन. ते ज्यात सापडलं तो अर्क पिवळा होता. शेळीची चरबी पांढरीशुभ्र असते, पिवळी असते ती गाईची. हे मला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. मी सरांना तसं म्हटलं.

"शेळीच्या अंगात पिवळं येईल कुठून, सर?"

"म्हणूनच तर शोध! आधीपासून असतं तर त्याला शोध कोण म्हणेल?"

"एकदा गाठी न घालता नुसतं द्रावण भांड्यात फिरवून पाहू का? ब्लँक म्हणून."

"रिकाम्या भांड्यात काय सापडणार? रिकामपण?" सर स्वतःच्या विनोदावर हसले. "क्लोरोफॉर्म वाया घालवू नका."

दिवाळीच्या तोंडावर ठिपके फिके पडत गेले. सरांची झोप उडाली. मग लक्ष्मीपूजनाला यंत्राची पुन्हा पूजा झाली आणि भाऊबीजेनंतर पाहतो तो तिन्ही ठिपके पहिल्यासारखे ठसठशीत. सरांनी दोन दिवस विचार केला आणि सिद्धान्त मांडला. शरद ऋतूतल्या सणांच्या सुमारास प्राण्यांची प्रतिकारशक्ती चढते, मध्ये उतरते, पुन्हा चढते, आणि आपल्या पूर्वजांनी सण नेमके त्याच दिवशी बसवले. उकिडवीन हा त्याचा रासायनिक पुरावा. वर्तमानपत्रात तिसऱ्या पानावर सरांचा फोटो आला. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारी माणसं मी पाहिली होती. सर मुठीमुठीनं होत होते, पण तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं.

आबांना मी सिद्धान्त समजावून सांगितला.

"दसऱ्याला शेरडाच्या अंगात बळ येतंय?" आबा म्हणाले. "दसऱ्याला शेरडाचं काय हुतंय ते इचार म्हनावं मला."

मार्गशीर्षात बातमी आली, की मुंबईहून डॉक्टर तेंडोलकर बाई येणार आहेत. ह्या विषयातल्या त्या मोठ्या जाणकार. त्यांनी डोळ्यांनी पाहून होकार दिला की उकिडवीनवर शिक्कामोर्तब, माझा प्रबंध मंजूर, आणि विभागाचं नाव होणार. सरांनी भिंतींना रंग द्यायला लावला.

त्याच आठवड्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी पोरींनी मला धरून चोपडली. दुसऱ्या दिवशी मी ते लुगडं धुवायला दगडावर घेतलं तेव्हा आई आतून ओरडली, "साबन लावू नगंस गं, तांबडं हुतंय!" तोवर मी लावला होता. पिवळे डाग बघता बघता लाल झाले. हे मी जन्मभर पाहत आले होते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईनं पाहिलेलं असतं. पण त्या दिवशी मी ओलं लुगडं हातात धरून तशीच उभी राहिले.

मी तडक प्रयोगशाळेत गेले. जुनी पट्टी काढली आणि तिन्ही ठिपक्यांवर कॉस्टिक सोड्याचा थेंब थेंब सोडला. तिन्ही लाल. तरी मी मनाला समजावलं, की लाल होणारी द्रव्यं जगात पुष्कळ असतील. मग आईच्या मिसळणाच्या डब्यातून पुडीत बांधून आणलेली हळद क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवली, आणि एकाच पट्टीवर डावीकडे उकिडवीन, उजवीकडे हळद अशी दोघांना शेजारी शेजारी चढवलं. दोन्हीकडे तीन ठिपके. तीच उंची, तोच रंग, वरचा ठसठशीत आणि खालचा जेमतेम. जुळी भावंडंसुद्धा इतकी सारखी नसतात.

मी सरांसमोर पट्टी ठेवली. माझाही प्रबंध त्याच तीन ठिपक्यांवर उभा होता.

"सर, ही हळद आहे."

"काय?"

"उकिडवीन. एक, दोन आणि तीन. तिन्ही."

सरांनी पट्टी दिव्याखाली धरली, वळवून धरली, उलटी धरून पाहिली. सर मूर्ख नव्हते. त्यांना कळलं हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. ती हळूहळू खाली गेली. त्या क्षणी मला त्यांची दया आली, हे मी लपवणार नाही. ती दया फार टिकली नाही.

"ही हळद तुमच्या घरातली?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडची. हो."

"आणि डावीकडची?"

"ती कुठून आली ते शोधायला हवं, सर."

"त्यात शोधायचं काय? तुमच्यात मटणाला हळद लावतात."

"सर, आम्ही मटण विकतो. हळद गिऱ्हाईक लावतं, घरी नेऊन. दुकानात हळद नसते."

"दुकान, घर, सुरी, हात," सरांनी बोटांवर मोजलं. "तुमच्याकडे ह्या सगळ्याच्या सीमा कुठं असतात? चूक माझीच. नमुने चांगल्या ठिकाणाहून घ्यायला हवे होते." ते उठले, खिडकीशी गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा विभागप्रमुखाचा झाला होता. "ऐका. उकिडवीन आहेच. तुमच्या हळदीमुळे ते झाकलं गेलं, इतकंच. बाई येतील त्या दिवशी नमुने मी परगावाहून मागवतो. तुम्ही त्यांना सांगायचं, की आधीच्या नमुन्यांत भेसळ झाली ती वडिलांच्या दुकानातल्या अस्वच्छतेमुळे. स्वतःच्या तोंडानं सांगायचं. म्हणजे पद्धतीला बोल लागणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मला विद्यापीठाला कळवावं लागेल, की विद्यार्थिनीनं भेसळीचे नमुने वापरले. नोंदणी रद्द होईल. मला वाईट वाटेल."

वाईट वाटण्यात सरांचा हात कुणी धरला नसता.

म्हणजे हिशोब सरळ होता. पदवी हवी तर बापाला घाणेरडा म्हणायचं. बापाला घाणेरडा म्हणायचं नसेल तर पदवी सोडून घरी बसायचं, आणि मग पेढे खाल्लेली गल्ली माझं लग्न ठरवायला मोकळी.

घरी मी आबांना सगळं सांगितलं. आबा दुकानातून आल्यावर फळी घासत बसले होते. रोज घासायचे. आधी गरम पाणी, मग राख, मग पुन्हा पाणी.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" आई कडाडली. "आमच्या दुकानात घान? त्या मास्तराला म्हनावं, ये बघाय!"

आबांनी फळी पालथी घातली, मग म्हणाले, "कबूल कर."

"आबा!"

"माझं काय जातंय? गिऱ्हाईक हाय तेच ऱ्हानार. आबाच्या दुकानात घान असती म्हनावं, हाय काय आन् न्हाय काय. तुझं शिक्षान हुईल. मी काय तिथं ऐकाय येनार हाय? मला तर वर यायाची बी बंदी."

असं म्हणून त्यांनी धुतलेली फळी पुन्हा धुवायला घेतली. मला रडू आलं. सरांचा राग होताच, पण त्याहून जास्त राग मला आबांच्या त्या मोठ्या मनाचा आला. माणसानं इतकं सोसायची सवय लावून घेऊ नये.

आई रागारागानं स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सरवर खोबऱ्याचं वाटण लावलं. नुकताच हप्त्यानं घेतलेला मिक्सर, पण भांडं आतापासूनच गळत होतं. आईनं पातं फिरवून काढलं आणि खालचा रबरी वायसर बोटानं खरवडून माझ्यापुढं टाकला.

"बघ, कसा झालाय. किती बी धू, हळद निघंल तर शप्पत."

पांढरा वायसर पिवळाधमक होता. मी तो हातात घेऊन पाहत राहिले. पोटातून शुद्ध झालं पाहिजे, असं म्हणणारे सर मला त्या वायसरात स्पष्ट दिसले.

मी सरांकडे गेले नाही. एकदा "आत नको" म्हणून पाहिलं होतं.

तेंडोलकर बाई आल्या त्या सकाळी प्रयोगशाळेत ताजा रंग, ताजी फुलं आणि ताजा नारळ. बाईंच्या हातून शुभकार्य व्हायचं म्हणून सरांनी यंत्राची खास पूजा ठेवली होती. आता तर परगावाहून स्वच्छ नमुने आले होते, त्यांना जुन्या गाठींचा विटाळ लागायला नको. सरांनी भांड्याचं झाकण उघडलं. मी दोन हातांवर उभी होते. त्यांनी हळदीची मूठ भरली, माझ्याकडे पाहिलं, आणि आत सोडली. मी अवाक्षर काढलं नाही. पूजा कशी करायची ते मी त्यांना शिकवणार नव्हते.

गुरवमामांनी भांडं विसळलं. इतक्यात बाईच दारात उभ्या.

बाई साठीच्या, ठेंगण्या, सुती पातळ आणि पायांत रबरी चपला. हार घ्यायला त्यांनी मान पुढं केली नाही, हातात घेऊन टेबलावर ठेवला.

"फुलं नंतर. आधी काम दाखवा," त्या म्हणाल्या.

सरांनी स्वतः काम केलं. परगावच्या गाठी, नवं द्रावण, नवी पट्टी. मला त्यांनी लांब उभं केलं होतं, कशालाही हात लावायचा नव्हता. पट्टीवर द्रावण चढेपर्यंत सर बाईंना शरद ऋतू समजावून सांगत होते. बाई चहा पीत ऐकत होत्या. मग दिवा गेला, जांभळा दिवा लागला, आणि पट्टीवर तीन ठिपके पेटले.

"पाहिलंत?" सरांना हर्ष आवरेना. "कोथमिरेंच्या नमुन्यांचा स्पर्शसुद्धा नाही ह्याला, आणि तरीही उकिडवीन! कोथमिरे, आता तुम्ही बाईंना काय सांगणार होतात ते सांगा."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी अॅप्रनच्या खिशातून कॉस्टिक सोड्याची छोटी बाटली काढली.

"आधी एक दाखवते, बाई."

सर "हात लावू नका" म्हणेपर्यंत मी तीन थेंब सोडले होते. गुरवमामांनी दिवा लावला. तिन्ही ठिपके लाल.

बाई पट्टीवर वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या.

"उकिडवे," त्या म्हणाल्या, "मासळीला लावलेली हळद पातळावर सांडली आणि त्याला साबण लागला, की माझ्या घरी असंच होतं."

सरांचा चेहरा पडला, पण सर लगेच सावरले. "म्हणजे ह्यांनीही लावली! हे लोक सगळीकडे सारखेच, बाई. गाव बदललं म्हणून काय झालं, शेवटी तेही खाटीकच!"

"मग खाटकाला बाजूला ठेवून पाहू," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"गाठी न घालता. भांड्यात नुसतं द्रावण फिरवायचं. आमची गाठ नाही, परगावची नाही. कुणा खाटकाचा हात नाही."

"रिकाम्या भांड्यात..." सर सुरू झाले.

"तुम्ही आधी ब्लँक घेतला नव्हता?" बाईंनी विचारलं. फार हळू विचारलं.

सर टेबलावरचा हार सरळ करायला लागले.

"करा," बाई मला म्हणाल्या.

मी भांडं उचललं, बाईंना आत दाखवलं. स्वच्छ, चकचकीत, रिकामं. नव्या बाटलीतलं द्रावण ओतलं, यंत्र फिरवलं, थेंब पट्टीवर ठेवला. द्रावण पट्टीवर चढायला लागलं. सर पट्टीकडे असे पाहत होते, जणू ते नजरेनं तिला धरून ठेवणार आहेत. मला भीती वाटत नव्हती म्हणावं तर ते खोटं होईल. यंत्रातला वायसर दगा देईल का, हळद सगळी पहिल्याच वाटणात निघून गेली असेल का, असं सारखं मनात येत होतं.

दिवा गेला. तीन ठिपके. आधीच्याहून जरा फिके, पण एक, दोन, तीन.

"शेळी लागतच नाही म्हणायची," बाई अंधारात म्हणाल्या.

दिवा लागल्यावर मी भांडं पालथं केलं, पातं फिरवून काढलं आणि खालचा वायसर चिमट्यानं उचलून बाईंसमोर ठेवला. पिवळाधमक.

"ही हळद ह्यात कशी गेली?" बाईंनी विचारलं.

गुरवमामा छताकडे पाहायला लागले. रंग छान बसला होता. सर माझ्याकडे पाहत होते. माझ्याकडे असं कुणी आधी पाहिलं नव्हतं; गाठी आणणाऱ्या माणसाच्या मुलीकडे विनवणी करण्याचा प्रसंग सरांवरही आधी आला नसावा. खरं सांगते, मी चार वाक्यं घोकून आले होते. त्यातलं एक तर फारच झोंबणारं होतं.

"पूजेची आहे," मी म्हटलं. "आमच्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पुजतात, बाई. फक्त हळद मुठीला लावतात, पात्याला नाही. इथं पात्याला लागली."

बाईंनी यंत्रावरचं ताजं कुंकू पाहिलं, फुटलेला नारळ पाहिला, सरांच्या बोटांची पिवळी टोकं पाहिली. मग चपला सरकवून उठल्या.

"उकिडवे, लसिकाग्रंथीत नवीन काही सापडलेलं नाही, असं मी लिहीन. का सापडलं नाही ते लिहीत नाही. ह्या मुलीचं काम नीट आहे. हळद कशी वेगळी केली आणि कशी ओळखली, हे इतक्या चोख रीतीनं फार थोडे करतात. ती तुमच्याकडे राहणार असेल तर विषय पुढं चालू द्या. नसेल तर मुंबईला माझ्याकडे पाठवा."

"राहणार!" सर ताडकन म्हणाले. "म्हणजे काय! माझीच विद्यार्थिनी आहे ती. पहिल्यापासून मी म्हणत होतो, ब्लँक घेतला पाहिजे."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुझं काय?"

मुंबईचं नाव ऐकून माझं मन एकदा स्टेशनापर्यंत जाऊन आलं. पण गाठी मंडईत होत्या, मंडई इथं होती, आणि मला एक हिशोब इथंच चुकता करायचा होता.

"राहते," मी म्हटलं. "पण गाठींचा डबा पुढच्या दारानं येईल. आणि तो आणणाराही."

सरांनी तसबिरीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"येऊ दे की," ते म्हणाले. "मी कधी नको म्हटलं?"

वायसर बदलला. तेव्हापासून अर्क पांढरा आला, शेळीच्या चरबीसारखा. त्यात कोलेस्टेरॉल सापडलं, लेसिथिन सापडलं, आणखी चारपाच द्रव्यं सापडली. सगळी आधीच इतरांना सापडलेली आणि सगळ्यांची नावं आधीच ठेवलेली. शेळीच्या गाठीत जे असायला हवं तेच आहे, असं मी जाडजूड प्रबंध लिहून सिद्ध केलं आणि त्यावर मला डॉक्टर केलं गेलं. तो प्रबंध आजवर कुणी वाचलेला नाही. त्यात एकही खोटा ठिपका नाही.

पण मला सांगायची ती पदवीच्या आधीची, बाई येऊन गेल्यानंतरची पहिली खंडेनवमी.

सकाळी प्रयोगशाळेत पुन्हा पाट, पुन्हा माळा. यंत्र मधोमध, पण ह्या वेळी भांड्याचं झाकण गच्च लावून त्यावर सुतळी आवळलेली. सुतळी सरांनी स्वतः बांधली होती, गाठ पाहूनच कळत होतं. सर सोवळ्यात उभे होते, हातात हळदीची वाटी.

"कोथमिरे," त्यांनी वाटी माझ्यापुढं धरली. "तुम्ही लावा. कुठं लावायची ते तुम्हाला माहीत आहे."

मी वाटी घेतली. यंत्राच्या दांडीला बोट लावलं, तराजूच्या बुडाला लावलं, सूक्ष्मदर्शकाच्या मुठीला लावलं. इतक्यात पुढच्या दालनात चपला काढल्याचा आवाज आला. आबा दारात उभे होते, धुतलेलं धोतर, हातात डबा. सरस्वतीच्या तसबिरीखालून आले होते आणि ती बाटल्यासारखी दिसत नव्हती.

मी त्यांच्या हातातून डबा घेतला, पांढऱ्या कापडावर यंत्राशेजारी ठेवला आणि त्याच्या कडीला हळद लावली. वर कुंकू लावलं. गुरवमामांनी कुणी न सांगता एक झेंडूचं फूल वाहिलं.

डबा भरलेला होता. बर्फाचं पाणी कापडावर पसरत चाललं होतं, आणि ते नुसतं पाणी नव्हतं. सरांनी त्या ओल्या डागाकडे पाहिलं. मग डब्याकडे, मग आबांकडे. आबा नेहमीसारखेच उभे होते, पण हसत नव्हते.

सरांनी हात जोडले आणि डोळे मिटले. जरा जास्तच घट्ट मिटले होते.